राखलेला मटाम

बायडाक्का पांढऱ्या फक्कीच्या रेघेवर मांडी घालून बसली होती आणि काही केल्या उठत नव्हती.

"आक्का, उठा. माणसं खोळंबलीत," मी तिसऱ्यांदा म्हणालो.

"खोळंबू द्या. हितनं रेघ न्हाई जायाची."

"रेघ मी ठरवत नाही. जमिनीचा उतार ठरवतो."

"मग जमीन माजी हाय. ती मला इचारल."

टिकाव-फावडी घेऊन चाळीसेक माणसं बांधावर उभी होती, त्यांतली निम्मी हसली. मला घाम फुटला. मी सव्वीस वर्षांचा, नोकरीला दीड वर्ष झालेलं, आणि बोरजाईवाडीच्या माळावरचं ते काम माझं स्वतःचं असं पहिलंच. त्या साली पाऊस नावाला पडला होता. माणसांच्या हाताला काम मिळावं आणि जमिनीला बांध, अशी दोन्हीची सोय करणारी सरकारी योजना होती. रोजगार हमीवर समतल बांधबंदिस्ती. उताराला आडवा, एका पातळीतला मातीचा बांध घालायचा, म्हणजे पडेल ते पाणी शेतात मुरतं आणि वरची माती वाहून जात नाही. तिवईवर दुर्बीण लावून मी पातळी काढायचो आणि मागून गडी फक्की ओतत यायचा. माझ्या रेघेवर काठोकाठ भरलेली वाटी ठेवा, थेंब सांडला तर नोकरी सोडीन, असं मी तेव्हा चारचौघांत सांगायचो. त्या वयात माणूस असलं काहीबाही बोलतो.

केरबा मुकादम माझ्या जवळ आला. साठीचा गडी, मजुरांच्या टोळीचा म्होरक्या. गावातल्या कुणाच्या मनात काय आहे हे त्याला माझ्यापेक्षा दहापट कळायचं.

"सायेब, तिला जरा बाजूला घ्या," तो हळू आवाजात म्हणाला. "चार मानसांत ती न्हाई सांगायची."

मी तिला बाभळीखाली घेऊन गेलो. तिशी ओलांडलेली बाई, कपाळ मोकळं, हाताला घट्टे. नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला. दोन एकर माळरान आणि ती एकटी, एवढं मला गावच्या यादीवरून माहीत होतं.

"त्यो तरवड दिसतुया का, पिवळ्या फुलांचा?" तिनं रेघेच्या वरच्या अंगाला बोट केलं. "त्याच्या बुडाला माजं लेकरू हाय."

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. तान्ह्या लेकराला आपल्याकडं जाळत नाहीत, पुरतात. आणि त्या भागात ज्याच्या त्याच्या रानातच पुरतात.

"किती वर्षं झाली?"

"अकरा. म्हंकू नाव. आठ म्हैन्याचं हुतं, तापानं गेलं. त्याच्या बापानं आन् थोरल्या दिरानं नेलं. आमच्यात आईला जागा सांगत न्हाईत. सांगितली तर ती तितंच बसून ऱ्हाती, मग फुडलं लेकरू हुईत न्हाई, असं म्हनत्यात. मला बी न्हाई सांगितली."

"मग तुम्हाला कशी कळली?"

"कुळव धरला की मालक त्या तरवडापाशी कुळव उचलायचं. दर खेपंला. मी बांधावर बसून बगायची. येकदा न्हाई, पाच वर्सं बगितलं. तोंडानं बोललं न्हाईत, पर हातानं बोललं की." ती पदरानं तोंड पुसायला थांबली. "मग मी बी कंदी इचारलं न्हाई. संक्रांत आली की वंजळभर बोरं टाकती तितं. त्याचं बोरन्हान ऱ्हायलं हुतं ना."

"आणि दीर?"

"त्येबी गेलं. आता सांगनारं कोन ऱ्हायलं न्हाई. फुडलं लेकरूबी झालं न्हाई. मग न सांगून काय मिळीवलं त्येंनी, सांगा."

मी तरवडाकडं बघत राहिलो. त्याच्या भोवती बोराची चार-पाच काटेरी रोपं उगवलेली होती.

"नेताना मी येकच म्हनलं," ती म्हणाली. "हातातली मनगटी काढू नका. काळ्या मन्यांत माज्या आयचं पवळं ववलं हुतं. तेवडं मातूर ऐकलं मालकांनी."

माझी अडचण अशी होती की खुद्द बांध तरवडाच्या खालच्या अंगानं जात होता. पण बांधाची माती काढायची ती वरच्या अंगाला खड्डे घेऊन, आणि तरवड बरोबर एका खड्ड्याच्या पोटात येत होता. तो खड्डा गाळला तर तिथं बांध बारीक पडणार, आणि बारीक पडलेला बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटणार. फुटला की खालच्या चार जणांची रानं धुऊन जाणार. मी बाभळीला टेकून विचार करत होतो, आणि एकदम मला मटाम आठवला.

खड्डा किती खोल खणला ते नंतर मोजता यावं म्हणून खड्ड्यात मूळ जमिनीचा एक खांब न खणता तसाच ठेवतात, डोक्यावरच्या गवतासकट. त्याला मटाम म्हणतात. मटामाच्या डोक्यापासून तळापर्यंत पट्टी लावायची, ती खड्ड्याची खोली. ज्यानं जमीन आधी कशी होती ते पाहिलंय असा खड्ड्यातला एकमेव साक्षीदार. म्हणून त्याला कुणी हात लावायचा नसतो.

"आक्का, असं करू," मी म्हणालो. "तरवडासकट तेवढी जागा मटाम म्हणून सोडतो. भोवतीनं खणू. तुमच्या जागेला टिकाव लागणार नाही."

"आन् मोजनी झाल्याव? मटाम तोडत्यात की. मी काय पयल्यांदा कामावर येतीया का?"

"हा तोडणार नाही. हा मी राखीन."

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. "सरकारी मानसाचा सबूद मी कंदी घेतला न्हाई," ती म्हणाली. "तुमचा घेती." आणि पदर खोचून, घमेलं उचलून ती कामाला लागली. तीही त्याच हजेरीवर होती.

तो खड्डा मी मुद्दाम केरबाला दिला. तरवडाभोवती चार हात रुंदीचा मटाम आखला. एवढा रुंद मटाम मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. केरबा हसला. म्हणाला, "सायेब, ह्यो मटाम न्हाई, ह्यो वट्टा झाला."

चौथ्या दिवशी दुपारी माणसं भाकरी खायला विहिरीकडं गेली होती. बायडाक्का कामाच्या पार दुसऱ्या टोकाला होती, तीही तिकडूनच परस्पर गेली. मी दुर्बीण पेटीत ठेवत होतो, तेवढ्यात केरबानं हाक मारली.

"सायेब, जरा हिकडं या. येकलंच या."

तो त्याच खड्ड्यात उभा होता, पण तरवडापासून चांगला वीस फूट लांब, दुसऱ्या टोकाला. त्याच्या पायाशी तीन सपाट दगड होते, शेजारी शेजारी, हातानं लावलेले. एक त्यानं उचलून बाजूला ठेवला होता. मी खाली बसलो. मातीत काळे मणी विखुरले होते, आणि त्यांत एक तांबडं पोवळं. आणखी जे काही थोडं उरलं होतं ते मी इथं सांगणार नाही.

केरबानं मान वळवून लांबच्या तरवडाकडं पाहिलं.

"तरवड तितं," केरबा म्हणाला. "आन् लेकरू हितं."

"हं."

"बोलवू तिला?"

"नको."

"आवं, तिचं हाय त्ये. तिला कळाया नगं का?"

"काय कळायला पाहिजे नाना? अकरा वर्षं ती तिथं बोरं टाकतेय. चुकीच्या जागी टाकलीस, असं सांगायचं तिला? तुम्ही सांगाल?"

केरबा उकिडवा बसला. त्यानं डोक्याचा पटका सोडला, झटकला आणि जमिनीवर पसरला. "मी न्हाई सांगू शकत," तो म्हणाला.

त्याच्या पटक्यात आम्ही ते सगळं गोळा केलं. मणी मी एक-एक वेचला. पोवळ्याला चिकटलेली माती अंगठ्यानं पुसली. मग मी मटामावर चढलो आणि तरवडाच्या बुडाशी खुरप्यानं उकरायला लागलो. केरबा म्हणाला, मी करतो. मी त्याला करू दिलं नाही. शब्द मी दिला होता.

वीतभर खाली गेलो आणि खुरपं खाडकन वाजलं. जात्याएवढा धोंडा होता खाली. मी त्याच्याकडं बघत राहिलो. तिचा नवरा कुळव उचलायचा तो त्या धोंड्यासाठी. कुळवाची लोखंडी फास मोडू नये म्हणून, दुसरं काही नाही. आणि ती बांधावर बसून पाच वर्षं ते वाचत होती.

धोंड्याच्या कडेनं मी खोल जागा केली, पटका ठेवला आणि माती लोटली. केरबानं हात जोडले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "सायेब, मटामाचं डोकं हाललं. वरली माती ताजी दिसतीया. थोडी उंचबी झाली."

"पाणी मारून दाबू. गवत लावू."

"मोजनी कवा हाय?"

"सोमवारी. मीच करणार आहे."

मी एवढा निर्धास्त होतो. पण मोजणी सोमवारी झाली नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊला जीप आली आणि तिच्यातून शिंगटे साहेब उतरले.

शिंगटे साहेब आमचे वरिष्ठ. कडक माणूस, पण सरळ. कुणाच्या चहाला न शिवणारा. माझ्यावर त्यांचा जीव होता, चार ठिकाणी माझं नाव घ्यायचे. न सांगता येऊन तपासणी करायची त्यांची पद्धत होती, आणि ती योग्यच होती. कारण मटामाच्या डोक्यावर चार बोटं माती चढवायची, वर गवत रोवायचं, म्हणजे खड्डा आहे त्यापेक्षा खोल दिसतो आणि न खणलेली माती खणली म्हणून दाखवून तिचे पैसे उचलता येतात, ही चाल काही ठिकाणी चालायची. आमच्या धंद्यात यापेक्षा हलकी चोरी नव्हती.

साहेब एकेक खड्डा बघत आले. मजूर हात थांबवून मागं मागं येत होते. बायडाक्काच्या रानात आल्यावर ते थांबले.

"पोळ, हा मटाम एवढा रुंद?"

"झाड होतं साहेब."

"तरवड? तरवडासाठी मटाम सोडला?" ते हसले. मग खड्ड्यात उतरले, मटामाजवळ गेले आणि हातातल्या काठीनं डोकं टोचलं. काठी सहज आत गेली. त्यांचं हसू गेलं. त्यांनी गवताचा एक झुबका धरून वर उचलला, तर तो मुळासकट हातात आला.

"ही माती कालची आहे," ते म्हणाले.

हात झटकून ते केरबाकडं वळले.

"मुकादम, टिकाव घे. वरची माती काढ. खरी जमीन कुठं लागते ते सगळ्यांसमक्ष बघू."

केरबानं टिकाव उचलला नाही. तो माझ्याकडं बघत होता. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बायडाक्का पुढं आली, घमेलं डोक्यावर तसंच.

"हात लावू नगा तितं," ती म्हणाली. "पोळ सायबांनी सबूद दिलाय."

"कसला शब्द?" शिंगटे साहेबांनी विचारलं. त्यांना ते आणखीच संशयाचं वाटलं. त्यांनी मागं वळून दुसऱ्या एका गड्याला हाक मारली. "तू ये. टिकाव आण."

तो गडी पुढं आला. आता दोन घाव, फार तर तीन. मग केरबाचा पटका, आणि पटक्यात ते पोवळं. सगळ्या गावासमोर. आणि ती चार हातांवर उभी. तिनं पोवळं ओळखलं असतं, आणि पटका केरबाचा कसा, हे विचारल्याशिवाय ती राहिली नसती. खरं सांगतो, मी काही फार विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता.

"साहेब, खणू नका," मी म्हणालो. "माती मी चढवलीय."

साहेब माझ्याकडं वळले.

"काय म्हणालास?"

"मी चढवलीय साहेब. चार बोटं."

"कशासाठी?"

"खोली जास्त दिसावी म्हणून."

शिंगटे साहेबांचा चेहरा मला बघवेना. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते नुसते बघत राहिले, घरातल्याच माणसानं फसवावं तसे.

"सायेब, आवं..." केरबानं तोंड उघडलं.

"नाना, गप बसा," मी म्हणालो. "तुमचा यात काही संबंध नाही."

बायडाक्कानं घमेलं खाली ठेवलं. ती माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली. तिच्या अंगाला मातीचा आणि घामाचा वास येत होता.

"माज्या लेकराच्या डोक्याव लबाडी केलीसा?" तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "त्याच्यापायी सबूद दिलासा मला?"

मी खाली बघितलं.

"बोला की."

तिच्याकडं वर बघायची माझी छाती नव्हती. वर बघितलं असतं तर सगळं सांगून मोकळा झालो असतो.

मग ती मला एकेरीवर आली. "तुज्याबी घरात पाळना हलायचा न्हाई," ती म्हणाली. "माजं सांगनं हाय. तुज्याबी वंजळीत काय ऱ्हायाचं न्हाई." तिनं घमेलं उचललं आणि ती चालायला लागली. बायकांनी तिला वाट करून दिली.

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहिला. सही करताना मी म्हणालो, "साहेब, एक विनंती आहे. मटाम तोडू नका."

"तोडतो कशाला?" ते कागदाकडंच बघत म्हणाले. "पुरावा आहे तो. चौकशी संपेपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. तसं लेखी देतोय मी गावाला."

असा माझा शब्द शिंगटे साहेबांनी पाळला.

एसटीच्या थांब्यापर्यंत केरबा माझी दुर्बिणीची पेटी घेऊन आला. थांब्यावर बसल्यावर तो लहान मुलासारखा रडायला लागला. म्हणाला, "मी सांगतो तिला. आजच सांगतो. तुमचं वाटुळं झालं हो." मी त्याचा हात धरून त्याला त्याच्याच नातवाची शपथ घातली. ती जिवंत असेपर्यंत तिला सांगायचं नाही. त्यानं लई आढेवेढे घेतले, पण घेतली शपथ.

पुढचं थोडक्यात सांगतो. निलंबन झालं. चौकशी तीन वर्षं रखडली. कबुली मीच दिलेली, त्यामुळं सुटायचा प्रश्न नव्हता. दोन वेतनवाढी बंद, बढती कायमची गेली. माझ्या मागून नोकरीला लागलेली पोरं माझी साहेब झाली. कचेरीत माझं नाव मटाम पडलं. "मटाम आला का?" असं मी दारात असतानाच विचारायचे. पुढं त्याचीही सवय झाली. शिंगटे साहेब निवृत्त होईपर्यंत माझ्याशी कामापलीकडं एक शब्द बोलले नाहीत. ते मात्र मला शेवटपर्यंत लागत राहिलं.

लग्न झालं. बायको शालन, फलटणची. स्वभावानं गोड, माझ्यासारख्या तुसड्या माणसाबरोबर तिनं नेटानं संसार केला. आम्हाला मूल झालं नाही. पुण्याचे डॉक्टर झाले, मिरजेचे झाले. त्यांनी जी कारणं सांगितली ती शास्त्राला धरून होती आणि मला पटलीही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी बोरजाईवाडीचं नाव मी घरात कधी काढलं नाही.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, जानेवारीत, त्या बाजूला एका लग्नाला गेलो होतो. जेवणं आटोपली, परतीच्या गाडीला वेळ होता. एकजण मोटारसायकलवरून बोरजाईवाडीकडं निघाला होता. मी त्याच्या मागं बसलो. का बसलो ते मला सांगता येणार नाही.

माळ ओळखू येत नव्हता. बांधांवर गवत माजलेलं, वरच्या अंगाला ज्वारी कमरेएवढी. बांध कुठंही फुटलेला नव्हता. खड्डे गाळानं भरून कधीच सपाट झाले होते, आणि मटाम त्या सपाटीत बुडून गेला होता. तरवड नव्हता. तिथं बोरीचं भलंमोठं झाड होतं, फळांनी वाकलेलं. बुडाशी पोतं टाकून एक म्हातारी बसली होती. दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा पांढरा सारा आलेला.

"कोन हाय?" चाहूल लागताच तिनं विचारलं.

"पाहुणा आहे आक्का. बांध बघत होतो."

"बांध बगनारा पावना?" तिनं मान तिरकी केली. "पोळ सायेब न्हवं का तुमी?"

नाही म्हणायचं असं ठरवूनच आलो होतो. पण तोंडातून हो गेलं.

"बसा," ती म्हणाली, आणि पोत्यावर जरा सरकून जागा केली. मी बसलो.

"केरबा नाना?"

"गेला. झाली की धा-बारा वर्सं. मरताना मला बलवून घेतलं हुतं. पोळ सायबाचं सांगायचं हाय, म्हनला. मग म्हनला, न्हाई, शपत हाय. आन् गेला." तिनं वाट पाहिली. "काय हुतं वो त्ये?"

इतकी वर्षं झाली होती. डोळे गेले होते, कान शाबूत होते. आता सांगितलं असतं तरी ऐकायला झाडाखाली ती आणि मी दोघंच होतो. पण तिचा हात त्या बोरीच्या बुंध्यावर होता. बोलता बोलता ती बुंधा थोपटत होती.

"काही नाही आक्का," मी म्हणालो. "माझी चूक त्याला ठाऊक होती, तेच सांगायचं असेल."

"व्हय," ती म्हणाली. "लबाडी केलीसा तुमी. पर त्या पुराव्यापायी जागा ऱ्हायली. न्हाईतर आज ना उद्या कुनीतरी तोडलीच असती." मग एकदम म्हणाली, "मी तवा लई वंगाळ बोलले तुमाला. आय असून असं बोलाया नगं हुतं मी. घरी जाऊन भाकर गेली न्हाई. तवापासनं दर संक्रांतीला म्हंकूला बोरं टाकली की पयलं मागनं त्येच मागती, की माजं बोलनं त्या सायबाला लागू नये. पयलं तुमचं, मग माजं." तिनं चाचपत माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "लेकरं हायती न्हवं तुमाला?"

"आहेत," मी म्हणालो. "दोन."

"काय काय?"

"एक मुलगा, एक मुलगी."

तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. "म्हंजी लागलं न्हाई."

"नाही लागलं."

तिच्या मिटल्यासारख्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही. मला म्हणाली, रुमाल काढा. मी दिला. खालची बोरं हातानं चाचपून, दाबून, पिकलेली तेवढी ती वेचायला लागली. रुमाल भरला तशी तिनं गाठ मारली. मग कमरेच्या पिशवीतून धुतलेलं फडकं काढलं आणि पुन्हा तितकीच बोरं त्यात बांधली. दोन्ही पुरचुंड्या दोन हातांत तोलून बघितल्या आणि एकीतून चार बोरं काढून दुसरीत घातली.

"येका जागी बांधली तर भांडत्यात," ती म्हणाली. "मोठी झाली तरी भांडत्यात. त्यास्नी म्हनावं, म्हंकूच्या झाडाची हायती."

संध्याकाळी घरी पोचलो. शालननं पिशवी रिकामी केली.

"अगं बाई, एवढी बोरं?" ती म्हणाली. "आणि दोन-दोन पुरचुंड्या कशाला?"

"भांडणं नकोत म्हणून," मी म्हणालो.

ती हसली. एक पुरचुंडी तिनं स्वतःकडं ठेवली आणि दुसरी माझ्याकडं सरकवली.